जमिनीखालची राखण

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत वळवाची चाहूल लागली की घराघरांत दोन कामं एकदम निघतात. गच्चीवरचं वाळवण गोळा करायचं आणि भिंतीतल्या पिना काढायच्या. सांडगे, कुरडया, मिरच्या ज्या साडीवर पसरलेल्या असतात ती चारी टोकांनी उचलून खाली आणायची, हे काम आजेसासूबाईंच्याही आधीपासूनचं. पिना काढायचं काम मात्र माझ्या डोळ्यांदेखत घरात आलं, आणि आता ते वाळवणापेक्षा निकडीचं झालं आहे. सांडगे भिजले तर पुन्हा घालता येतात.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा लाकडी पट्टीवरून गेलेलं फिटिंग होतं, काळी बॅकेलाइटची बटणं होती आणि मीटरजवळ चिनीमातीचे फ्यूज होते. सोप्यात, माजघरात, स्वयंपाकघरात आणि परड्याच्या दारात एकेक बल्ब. कोनाड्यात रेडिओ. वीज कडाडली की बल्ब फडफडायचे, फार तर फ्यूजची तार वितळायची, आणि सकाळी मामंजी नवी तार गुंडाळून मोकळे व्हायचे. त्या घराचं आभाळातल्या विजेला सहसा फार काही बिघडवता येत नसे. बल्बमधल्या टंगस्टनच्या तारेला काही मायक्रोसेकंदांचा झटका जाणवतही नाही, तिला तापायलाच त्याहून किती तरी जास्त वेळ लागतो.

आताच्या घरात फ्रीजच्या पाठीमागे सर्किटचा बोर्ड आहे. वॉशिंग मशीनच्या आत, टीव्हीत, वायफायच्या डबीत, मोबाइलच्या चार्जरमध्ये, एवढंच काय, एलईडीच्या बल्बातही आहे. यातल्या बऱ्याच चिपा 3.3 किंवा 5 व्होल्टवर चालतात, आणि भिंतीतून येतात 230 व्होल्ट. या दोहोंच्या मध्ये एक छोटा पॉवर सप्लाय उभा असतो. रोजच्या कामाला तो पुरतो. मे महिन्यातल्या एखाद्या संध्याकाळी गावाबाहेरच्या लाइनवर वीज पडते, आणि तिच्यापुढे त्याचा निभाव लागत नाही.

नुकसानाची गोष्ट निघाली की शहरातली माणसं पटकन म्हणतात, वस्तूच ती, नवी घेता येते. गावात बहुतेक वस्तू हप्त्यांनी आलेल्या असतात. हप्ते फिटायच्या आधी जळालेला फ्रीज म्हणजे घरात नसलेल्या फ्रीजचे हप्ते भरत राहणं. त्या फ्रीजमध्ये कुणाचं इन्सुलिन असतं. शेजारच्या घरी म्हाताऱ्या काकांचं ऑक्सिजनचं यंत्र भिंतीतल्या त्याच सॉकेटवर चालतं. म्हणून हा विषय मला कधी नुसता मेकॅनिकच्या कामाचा वाटला नाही. घरातल्या दुखण्याखुपण्याशी, मुलांच्या अभ्यासाशी, महिन्याच्या खर्चाशी तो बांधलेला आहे.

विजेचा एक लोळ साधारण 30,000 अँपिअरचा असतो. आमच्या घरातलं सगळं एकदम चालू केलं तरी 30 अँपिअर लागत नाहीत. विजेच्या वाटेतली हवा सुमारे 30,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. आणि हे सगळं डोळ्याची पापणी हलायच्या आत संपतं. इथेच लोकांची पहिली फसगत होते. 'एमसीबी बसवलाय, तो पडेल की' असं अनेक जण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी पडायला सेकंदाचा शंभरावा भाग तरी लागतो. तेवढ्या वेळाच्या शंभराव्या हिश्शात विजेच्या झटक्याचा मुख्य जोर येऊन गेलेला असतो. एमसीबी शॉर्ट सर्किटपासून आणि जादा लोडपासून वाचवतो, ते त्याचं काम तो चोख करतो. स्टॅबिलायझर कमीजास्त व्होल्टेज सांभाळतो. विजेच्या झटक्यासाठी ही दोन्ही नाहीत.

वीज आपल्याच घरावर पडायला हवी असंही नाही. किलोमीटरभर लांब पडली तरी खांबांवरून गेलेल्या तारांत तिच्या नुसत्या सान्निध्याने हजारो व्होल्ट उमटू शकतात, आणि ते तारेवरून धावत मीटरपर्यंत येतात. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, लाइटनिंग अरेस्टर असतात, ते बराचसा जोर तिथेच जमिनीत सोडतात. जे उरतं ते आपल्याकडे येतं.

दुसरी फसगत बटणाची. बटण बंद केलं म्हणजे टीव्ही सुरक्षित झाला असं वाटतं. पण भिंतीतलं बटण फक्त फेजची तार तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो, अर्थची तारही जोडलेलीच राहते, आणि सेट टॉप बॉक्सला छतावरच्या छत्रीची केबल येते ती वेगळीच. झटका न्यूट्रलवरून आला तर बंद बटणाला त्याचा पत्ताही लागत नाही. फेजच्या बाजूने आला तरी बटणातली फट काही मिलिमीटरांची. एक सेंटिमीटर हवा फोडायला साधारण 30 हजार व्होल्ट लागतात, आणि जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली आली तिला त्या फटीचं कौतुक नाही. म्हणून पिनच काढायची. केबलही काढायची, आणि दोन्ही सॉकेटपासून हातभर लांब ठेवायच्या.

मात्र हे आभाळ भरून येतानाच करायचं, कडकडाट डोक्यावर आल्यावर नव्हे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजायचे. तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वादळ दहा किलोमीटरच्या आत आहे, आणि तेव्हा पिनेला, तारेला, नळाच्या लोखंडी पाइपला हात लावायचा नाही. तोवर पिन काढली नसेल तर टीव्ही गेला तर जाऊ दे. माणूस महत्त्वाचा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं, मग हवं ते करावं.

या गोष्टी मला शिकवल्या त्या आमच्या गावच्या वायरमननी. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. एका वळवात आमचा टीव्हीचा एक्स्टेन्शन बोर्ड गेला, त्याबरोबर टीव्हीचा पॉवर सप्लायही गेला. बोर्डावर 'सर्ज प्रोटेक्शन' असं ठळक छापलेलं होतं. तात्यांनी स्क्रू काढून तो उघडला तेव्हा आतून जळक्या प्लॅस्टिकचा उग्र वास आला. त्यांनी पक्कडीच्या टोकाने एक वस्तू दाखवली. शर्टाच्या बटणाएवढी निळी चकती, दोन पायांवर उभी. तिचा एक कडेचा तुकडा उडालेला, उरलेल्या भागावर काजळी.

ती चकती झिंक ऑक्साइडची असते. 230 व्होल्टला ती तारांच्या मधे गुपचूप बसून राहते, जवळजवळ काहीच वाहू देत नाही. व्होल्टेज तिच्या मर्यादेपलीकडे गेलं की सेकंदाच्या काही अब्जांश भागांत ती वाट मोकळी करते आणि झटका टीव्हीकडे जायच्या आत बाजूला वळवते. पुन्हा व्होल्टेज उतरलं की पहिल्यासारखी बंद. प्रत्येक झटक्यानिशी ती थोडी झिजते, आणि एक दिवस तिचं आयुष्य संपतं. बाहेरून बोर्ड नवाच दिसत राहतो. ज्या बोर्डाला संरक्षण चालू असल्याचा दिवा असतो तो दिवा अधूनमधून बघावा, एवढंच आपल्या हातात असतं.

"चकतीनं काम केलं वैनी," तात्या म्हणाले, "पर सोडणार कुठं? तिसऱ्या भोकात काय हाय ते बघू."

त्यांनी पिशवीतून टेस्ट लॅम्प काढला. होल्डरात बसवलेला शंभराचा बल्ब आणि त्याच्या दोन मोकळ्या तारा. एक तार फेजमध्ये आणि दुसरी न्यूट्रलमध्ये घातली, बल्ब लख्ख पेटला. मग न्यूट्रलमधली तार काढून वरच्या मोठ्या भोकात, अर्थमध्ये घातली. बल्बची तार नुसती तांबडी झाली, उजेड पडलाच नाही. खोलीतल्या कुणालाही समजावून सांगायची गरज उरली नाही.

तीन पिनांतली अर्थची पिन लांब आणि जाड असते ती उगीच नाही. प्लग घालताना ती सगळ्यांच्या आधी जोडली जावी आणि काढताना सगळ्यांच्या शेवटी सुटावी, एवढा विचार तिच्यामागे आहे. पण त्या पिनेच्या पलीकडे, भिंतीतून, पायथ्याखालून ती तार जिथे पोचते तिथे काय आहे हे बघायला कुणी जात नाही. आमचा अर्थिंगचा खड्डा परड्यात लिंबाच्या झाडाजवळ होता. वर विटांचं चौकोनी चेंबर, त्यावर बिडाचं झाकण, झाकणावर वर्षानुवर्षांची माती. तात्यांच्या माणसाने खणायला घेतलं. माणूसभर खोलीवर जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी प्लेट असायला हवी होती, प्रत्येक बाजू 60 सेंटिमीटरची. तिच्या भोवती कोळशाचे आणि मिठाचे थर असायला हवे होते. कोळसा ओल धरून ठेवतो, मीठ त्या ओलीतून विजेला वाट देतं. मीठ दरवर्षीच्या पावसाने धुऊन गेलेलं होतं. जाता जाता त्यानेच प्लेटही खाल्लेली. खालच्या कडेला गंजाच्या पापुद्र्यांशिवाय काही हाताला लागलं नाही, आणि तारेचा नट बोटांनी फिरत होता.

तात्या खड्ड्याच्या काठावर उकिडवे बसले होते. "फ्रीजला झालरीचं कव्हर घातलंसा वैनी," ते म्हणाले, "आन् ह्याला मूठभर कोळसा न्हाई."

हे वाक्य मी पुढे कितीतरी घरांत सांगितलं आहे. आपण टीव्ही पुसतो, फ्रीजच्या हँडलला रुमाल बांधतो, दसऱ्याला मिक्सरला झेंडूचं फूल वाहतो. ज्या एका गोष्टीवर त्या सगळ्यांची राखण उभी आहे ती डोळ्यांआड जमिनीत असते, म्हणून ती कुणाच्याच यादीत नसते. घर बांधतानाही तेच. फरशीच्या रंगावर आठवडाभर चर्चा होते आणि अर्थिंगचा खड्डा एका दुपारीत उरकतो.

बेंजामिन फ्रँकलिन यांचं नाव पतंगामुळे घरोघरी माहीत आहे. 1752 सालचा तो प्रयोग. पण त्यांचं खरं देणं दुसरं होतं. पुढच्या वर्षीच्या आपल्या पंचांगात त्यांनी घराचं विजेपासून रक्षण कसं करावं हे साध्या भाषेत छापलं. छपरापेक्षा उंच लोखंडी कांब लावा हे त्यात होतंच, आणि त्याच जोडीने कांबेचं दुसरं टोक ओल्या जमिनीत तीनचार फूट जाऊ द्या हेही होतं. या युक्तीचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. लोकांना कांबेचं वरचं टोक लक्षात राहिलं, खालचं विसरलं गेलं.

जमीन सगळीकडे सारखी नसते. सासरच्या काळ्या मातीत ओल टिकते, त्यामुळे अर्थिंगचा विरोध सहज खाली येतो, फक्त एप्रिल-मेमध्ये तिला भेगा पडतात तेव्हा खड्ड्यात आठवड्याला कळशीभर पाणी सोडावं लागतं. माझं माहेर रत्नागिरीकडचं, घर कातळावर. जांभ्यात कांब ठोकायला जावं तर ती हातभरही जात नाही, आणि कोरडा जांभा विजेला दाद देत नाही. तिथे माझ्या भावाने शेवटी घरापासून लांब, पोफळीच्या बागेत अर्थिंग नेलं. शिंपण्याने तिथली माती बारमाही ओली. खोल जाता येत नाही म्हणून जस्ताच्या मुलाम्याची पट्टी चर खणून आडवी पुरली. जमिनीचा स्वभाव ओळखून केलेलं ते काम मला फार आवडलं.

अर्थिंग चांगलं झालं की सगळं संपलं असं नाही, हेही सांगायला हवं. हिशेब साधा आहे. घरात आलेल्या झटक्यातले 1,000 अँपिअर 10 ओहमच्या अर्थिंगमधून जमिनीत उतरले तर त्या क्षणी घराचं अर्थिंगच 10,000 व्होल्टवर गेलेलं असतं. घरातलं सगळं एकाच वेळी तितकंच वर चढलं तर कशालाच काही होत नाही. दोन ठिकाणांमधला फरक घात करतो. वादळात झाडाखाली बांधलेली गुरं मरतात त्याचं एक कारण हेच. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर असतं, आणि जमिनीत पसरणाऱ्या विजेचं व्होल्टेज त्या दोन जागी वेगळं असतं. घरातही मीटरचं अर्थिंग एकीकडे, छतावरच्या सोलरचं दुसरीकडे, डिशच्या छत्रीचं तिसरीकडे आणि तिघांचा एकमेकांशी संबंध नाही, असं असेल तर तो फरक बरोबर आपल्या टीव्हीच्या बोर्डावर येऊन पडतो. खड्डे हवे तितके घ्या, पण जाड तारेने सगळे एकमेकांना जोडा. आता गावोगावी छपरांवर सोलर चढतं आहे, तेव्हा हे सोलरवाल्याला काम सुरू व्हायच्या आधी विचारावं. पॅनलकडून येणाऱ्या डीसी तारांनाही वेगळं सर्ज संरक्षण लागतं.

मग येतं ते मेन बोर्डात बसवायचं एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. निळ्या चकतीचाच थोरला भाऊ. त्याच्या खिडकीत हिरवा रंग दिसत असतो, तो लाल झाला की आतली कांडी बदलायची. बसवताना त्याच्या तारा जितक्या आखूड तितक्या बऱ्या, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. इतक्या वेगाने येणाऱ्या झटक्याला सरळ तारेचा एक मीटरसुद्धा अडवतो, आणि त्या तारेवर हजारभर व्होल्ट शिल्लक राहतात. नीटनेटकं दिसावं म्हणून जी तार वळसे घालून बसवली जाते ती काम बिघडवते.

आमच्याकडे जळणाऱ्या यंत्रांतली सगळी काही विजेने जळत नाहीत. वळवाच्या वाऱ्यात डीपीजवळचा न्यूट्रलचा जोड सैल होतो किंवा तुटतो. मग दोन फेजमध्ये अडकलेल्या घरांत 230 च्या जागी पार 400 च्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. बल्ब पांढरेफटक होतात, पंखा घूं करत सुटतो. हे मायक्रोसेकंदात संपत नाही, मिनिटं न् मिनिटं चालतं, आणि एसपीडीसुद्धा त्यात भाजून निघतं. यासाठी जादा व्होल्टेजला पुरवठा आपोआप तोडणारं वेगळं उपकरण मिळतं. ते नसेल तर बल्ब विचित्र उजळलेला दिसताच मेन स्विच पाडायचा आणि लाइनमनला कळवायचं. लाइट गेली की मोठी यंत्रं बंद करून ठेवायची, आणि 'आली, आली' असा ओरडा झाला तरी पाच मिनिटं थांबून, बल्ब स्थिर आहे बघून मगच फ्रीज लावायचा.

माझ्या आजोळी एक मावशी पायाळू होत्या. पायाळू माणसावर वीज पडते असं मानत, म्हणून वादळ आलं की त्यांना माजघरात बसवून ठेवायचे, दारं-खिडक्यांपासून लांब. लहानपणी मला त्यांची फार दया यायची. कुणी कसं जन्मलं याच्याशी विजेचा काही संबंध नाही. ती उंच झाड, उघडं रान, कळसाचं टोक शोधते. पण त्या समजुतीने मावशींना घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी बसवलं होतं हे आज लक्षात येतं. त्या जागेवर सगळ्यांचा हक्क होता. बाहेर शेतात भांगलणाऱ्या बायका तेव्हा आंब्याखाली आडोसा घेत असायच्या, आणि आंब्याखालीच वीज पडायची. 2022 या एका वर्षात देशात वीज पडून 2,887 माणसं गेल्याची सरकारी नोंद आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप केलं आहे. आपण आहोत तिथून 20 आणि 40 किलोमीटरच्या आत वीज पडायची शक्यता असेल तर ते आधी सूचना देतं. आमच्या गल्लीतल्या मुली ते बघून शेतात फोन करतात, मग घरातल्या पिना काढतात.

यंत्रांसाठी केलेलं चांगलं अर्थिंग माणसालाही वाचवतं, आणि मला त्याचं मोल त्यासाठीच जास्त वाटतं. फ्रीजच्या पत्र्यात फेज उतरला आणि अर्थिंगचा विरोध 20 ओहम असला तर अकराबारा अँपिअर वाहतात. तेवढ्याने 16 अँपिअरचा एमसीबी पडत नाही, आणि पत्र्याला हात लावणारा माणूस सापडतो. म्हणून अर्थिंगबरोबर, गळती होताच पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबीही बोर्डात हवा. धुण्याच्या ओल्या हातांनी वॉशिंग मशीन उघडणाऱ्या बाईला हे आधी माहीत असायला हवं.

आमच्या परड्यात आता तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कांबा आहेत, एकमेकींना जोडलेल्या. तात्या दरवर्षी रोहिणीत अर्थिंगचा विरोध मोजायचा मेगर घेऊन येतात. अंगणात दोन लोखंडी खुंट्या ठोकतात, हँडल फिरवतात, काट्याकडे बघतात आणि मीटरपेटीशेजारच्या भिंतीवर तारखेसह आकडा लिहितात. मृग लागायच्या आत तुमच्याही वायरमनला बोलवा आणि तो आकडा भिंतीवर लिहायला लावा. 'अर्थिंग चांगलं आहे' एवढ्या शब्दावर त्याला जाऊ देऊ नका. आकडा 10 ओहमच्या वर आला तर त्या वर्षी नवा टीव्ही घेऊ नका. आधी खड्डा नवा करा.